न्हाणीतल्या मुंग्या

"बाई, मुतलं की तितं मुंग्या का लागत्यात?"

ठकूनं विचारून टाकलं आणि पौडच्या शाळेतला नववीचा वर्ग घटकाभर गपगार झाला. मग मागच्या बाकावर कुणीतरी फुसकन् हसलं आणि त्यासरशी सगळी पोरं अशी खदखदली, की आढ्यावरचे पारवे फडफडून उडाले. हेडमास्तरांनी टेबलावर छडी आपटली.

"निर्लज्ज कार्टी! खाली बस!"

अनशी आणि शेवंता एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसून गदगदत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. दवाखान्यातली नवी डॉक्टरीणबाई शाळेत आरोग्यावर बोलायला येणार, शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" म्हणणार, तेव्हा ठकूनं उभं राहून हेच विचारायचं. विचारलं तर शेवंताच्या परसातल्या ओटीभर कैऱ्या ठकूच्या. नाही विचारलं तर ठकू भित्री.

आता ठकूला भित्री म्हणून कसं चालेल? सव्वीस जानेवारीला भाषण ठोकून तिनं बक्षीस मारलं होतं आणि तेव्हापासून तिच्या अंगात वारं शिरलं होतं. चालायची तीही दाणदाण. वरच्या वाडीतून पौडच्या शाळेत येणारी ती पहिली पोरगी. प्रश्न मात्र तिनं बनवलेला नव्हता. मुंग्या खऱ्याच होत्या. घरातली गंमत म्हणून तिनंच ती मैत्रिणींना सांगितली होती.

डॉक्टरीणबाई काही हसल्या नाहीत. "थांबा मास्तर," म्हणाल्या, आणि ठकूकडं बघत राहिल्या. "चांगलं विचारलंस. शाळा सुटल्यावर मला भेट."

ठकू खाली बसली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शाळेमागच्या करंजाखाली बाई उभ्या होत्या. अनशी आणि शेवंता जरा लांब, दप्तर आवरायचं निमित्त करून कान टवकारून बसल्या.

"कुणाच्या लघवीला मुंग्या लागतात?"

"आमच्या आईच्या. न्हाणीत अशी रांगच्या रांग येती बाई, भिताडावनं उतरून."

"तहान किती लागते तिला?"

"लई. कळशीच्या कळशी संपवती. आत्याबाई म्हनत्यात, पोटातलं पोर ताकदीचं हाय, त्येच पितंय."

"म्हणजे दिवस गेलेत?"

"व्हय. सातवा लागंल आता."

बाईंचा आवाज खाली आला. "तुझ्या पाठीवर भावंडं किती?"

ठकूनं सांगितलं. तिच्या पाठीवर बरीच वर्षं काही नाही. मग एक भाऊ झाला, भोपळ्यासारखा थोराड. सुईण म्हणाली, असलं बाळ मी उभ्या जन्मात काढलं नाही. पण ते रडलंच नाही. मग गोदी.

"गोदी बरी आहे?"

"गोदी लई ग्वाड हाय बाई! गानी म्हनती. पर तिला पाय न्हाईत. म्हंजी हायेत, पर कमरंखालनं नुसते काटकुळे, मुडपल्याले. बसल्या जागी सरपटती."

"कशानं झालं, काही कळलं?"

"त्ये तर सगळ्या वाडीला ठाव हाय. गिरान लागल्यालं, आन वरून आभाळ भरून आल्यालं. खाचरात भात उभा. आई म्हनली, भिजलं तर वरीसभर खायाचं काय? इळा घिऊन गेली. तवा गोदी पोटात व्हती. आईनं हितं इळा चालवला आन तितं पोटात पोरीचे पाय गेले."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"ग्रहणानं पाय जात नाहीत, पोरी. तुझ्या आईला बहुतेक मधुमेह आहे. रक्तात साखर साचते, अंगाला लागत नाही, लघवीवाटे निघून जाते. म्हणून मुंग्या."

"साखरंचा रोग?" ठकूला हसूच फुटलं. "बाई, साखर आमी दिवाळीला बघतो! त्यो रोग पुन्यातल्या शेटजींना व्हतो."

"शेतकऱ्यांनाही होतो. आणि गरोदर बाईला असला, तर बाळाला जपावं लागतं. अशा आयांच्या मुलांत व्यंग जास्त दिसतं, असं आता डॉक्टर म्हणायला लागलेत. काही बाळं वाजवीपेक्षा थोराड होतात आणि पोटातच जातात." बोलता बोलता त्या थांबल्या. समोरची पोरगी पांढरी पडली होती. "आधी खात्री करू. ही बाटली घे. सकाळची आईची लघवी यात भरून आण."

वाटेनं शेवंता म्हणाली, "ठके, कैऱ्या उद्या देती हां." ठकू तशीच पुढं चालत राहिली, तेव्हा अनशीनं शेवंताला चिमटा काढला.

नदी उतरून डोंगराच्या अंगाला चढलं, की वरची वाडी. ठकू अंगणात आली तेव्हा तिची आई, सगुणाबाई, ओट्यावर खांबाला टेकून बसली होती आणि आत्याबाई तिच्या हातात तांब्या देत होत्या.

"घे. काळा गूळ कालवलाय चांगला. नुसतं पानी पिऊ नगं, पोटाला बाधंल."

हीच तर या घरची रीत होती. दारी तहानलेला आला, की नुसतं पाणी द्यायचं नाही, गूळपाणी द्यायचं. मग घरची पोटुशी बाई तहानेनं तळमळत असताना तिला कोरडं पाणी कोण देईल? जितकी तहान तितका गूळ. जितका गूळ तितकी तहान. ढेपेमागून ढेप उतरत होती.

आत्याबाई म्हणजे रत्नाबाई, ठकूच्या आबाची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आल्या आणि घराच्या कारभारीण झाल्या. आबा, म्हणजे ठकूचा बाप जयसिंग, पंचायतीत चारचौघांना गप्प करायचा. पण बहिणीपुढं मान वर करायचा नाही. न्हाणीतल्या मुंग्यांवर पाणी ओतायला आत्याबाईंची बंदी होती. "मुंगी उगं येत न्हाई," त्या म्हणायच्या. "नशिबवान जीव हाय पोटात. तिला वास लागलाय."

ठकूनं दप्तरातून बाटली काढली आणि एका दमात सगळं सांगितलं. गूळ, मुंग्या, रोग, सगळं.

आधी हसली ती सगुणाबाई. "बाटलीत? आगं ठके, बाटलीत व्हय? माज्यानं न्हाई व्हायाचं बाई त्ये."

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाटली लांबून बघितली, साप बघावा तशी.

"कुनी दिली ही?"

"डॉक्टरीणबाईनी."

"कुटली बाई, कुनाची बाई, काय ठाव हाय तुला? बाईमान्साचं नख, क्यास, अंगावरचं चिरगूट उंबऱ्याभाईर जाऊ द्यायचं नसतं. आन तू मूत भरून न्हेतीस! पोटुशीचं! करनी करायला आनी काय लागतं गं?"

"आत्याबाई, ती शिकल्याली बाई हाय. करनी कशाला करंल?"

"शिकल्याल्या काय करत्यात त्ये तुज्याकडं बघून कळतंयच. भर वर्गात मुताची चवकशी करून आलीया!"

हे इतक्या लवकर वाडीत पोचलंसुद्धा होतं. ठकू लालेलाल झाली, पण हटली नाही. "मी उद्या न्हेनार म्हंजी न्हेनार. आई, तुला गोदीची आन हाय."

गोदी तिथंच गोधडीवर बसून चिंचोके मांडत होती. आपलं नाव ऐकून तिनं वर बघितलं आणि खुदकन् हसली. सगुणाबाईचं हसणं मात्र कुठंतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू वेणी घालत होती, तर आत्याबाईच फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आल्या. "घे बाई. तुज्या आईनं दिलीया भरून. हू दे तुजी डॉक्टरीण खूश." ठकूनं आत्याबाईंच्या गळ्यात हातच टाकले.

बाटलीचं बूच ढिलं होतं. शाळेत ती वर्गात न्यायची कुणाची छाती? ठकूनं करंजाच्या मुळीच्या बेचक्यात ती लपवून ठेवली. मधल्या सुट्टीत बघायला गेली तर थोडं गळून मुळीवर ओल आली होती. करंजावर मुंग्यांची ये-जा होती, पण त्या ओलीला वळसा घालून आपल्या वाटेनं चालल्या होत्या. ठकूनं ते बघितलं आणि बाटली उचलली. बघितलं, एवढंच. तेव्हा तिच्या डोक्यात काही आलं नाही.

दवाखान्यात बाईंनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ठकू वाकून बघत होती. औषध उकळलं, बुडबुडे आले, खाली बसलं. रंग होता तसाच, स्वच्छ निळा.

"साखर नाही यात," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. "साखर असती तर रंग पालटला असता. तरी आईला एकदा घेऊन ये."

ठकू उड्या मारत घरी आली. वाटेत तिनं शेवंताकडून कैऱ्याही वसूल केल्या. आणि आईला दवाखान्यात न्यायचं काय? कशाला न्यायचं? साखर नाही म्हणजे नाही! आत्याबाईंनी त्या दिवशी गूळ जरा जास्तच घातला.

फाल्गुन संपला. उन्हं अशी तापली की कातळ पायाला चिकटायचा. सगुणाबाईचं पोट महिन्यामानानं कितीतरी पुढं गेलं आणि बाकी अंग मात्र वाळत चाललं. गालाची हाडं वर आली, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. टाचेला काटा लागल्याचं निमित्त झालं आणि तिथं गळू धरलं ते फुटलं, पण भरून येईना. एक दिवस ती सुईत दोरा ओवत बसली होती. ओवता ओवता सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "ठके, उजेड कमी झाला का गं?"

भर दुपार होती. अंगणात कोंबड्या चोची उघडून धापत होत्या.

"न्हाई आई," ठकू म्हणाली. आणि दोरा तिनं ओवून दिला.

न्हाणीत मुंग्या येतच होत्या. आता दोन रांगा लागत.

एकदा ठकू गोठ्यात वैरण टाकायला गेली, तर कुडापलीकडं बोलणं चाललं होतं. तुळजाबाई सुईण येऊन सगुणाबाईचं पोट चाचपून गेली होती, ती जाता जाता आत्याबाईंशी बोलत होती.

"लई थोराड हाय, रत्नाबाई. मागल्या पोरावानी. आन हलतंय कमी."

"थोराड असंना. पर गोदीसारखं निघालं तर?"

तुळजाबाई पानाला चुना लावत होती. डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला. "गोदीच्या टायमाला सगुनानं वरडून घर डोक्यावर घेतलं म्हनून पोर वाचली. न्हाईतर तवाच निभलं असतं. ह्या टायमाला तिला कळू द्यायचं न्हाई. पोरामागची वार पडायच्या आत मी बघीन काय त्ये."

"बघ बाई. गोदीच्या जल्माचं हाल मला बघवत न्हाईत. आनी एक तसलंच नगं."

ठकूच्या हातातली पेंढी तशीच राहिली. गाय मान पुढं करून करून थकली. बाहेर ओट्यावर गोदी गाणं म्हणत होती, पाखराचं, तिनंच रचलेलं, ज्याला ना चाल ना शेवट.

त्या दिवसापासून ठकूचं दाणदाण चालणं बंद झालं. अनशीनं विचारलं, "काय गं, भाशानवाली? जीभ गहान टाकली का?" ठकूला वाटलं सांगावं. पण असलं तोंडातून काढलं तर खरं होईल, असं वाटून ती गप्प राहिली.

मग राब भाजायचा दिवस आला. भाताचं रोप जिथं टाकायचं, तो तुकडा आधी भाजून काढावा लागतो. शेण, त्यावर ऐनाच्या डहाळ्यांची कवळं, पालापाचोळा, गवत, वरून बारीक माती, आणि मग वाऱ्याच्या तोंडाला विस्तव. साऱ्या खोऱ्यात राब पेटले होते. धूर डोंगराला धरून बसला होता आणि सूर्य त्यातून तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता. घरचं सगळं माणूस खाचरात. सगुणाबाईला येऊ नको म्हटलं तरी ती आली. आली आणि बांधावर बसून कळशीला तोंड लावलं ते खाली ठेवीना.

"वयनी, दम खा की!" शेजारचा गेणबा पलीकडच्या राबावरून ओरडला. "नदी आटवती का काय आमची?"

सगळे हसले. सगुणाबाईही हसली. मग उठून करवंदीच्या जाळीआड गेली, परत आली, पुन्हा बसली.

थोड्या वेळानं ठकू पाला ओढत त्या जाळीपाशी गेली. जमीन तापलेली, वर राख उडतेय, आणि त्या तापल्या फुफाट्यातून मुंग्यांची काळी रांग जाळीआडच्या ओलीकडं चालली होती. शेजारी विस्तव धगधगतोय, तरी मुंगी थांबेना.

ठकूच्या डोळ्यांपुढं एकदम करंजाची मुळी आली. तिथलीही ओल. आणि तिला वळसा घालून जाणाऱ्या मुंग्या.

हातातला पाला टाकून ती धुरातून सरळ आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, बाटलीत कुनाचं व्हतं?"

"कसली बाटली?"

"तुमाला ठाव हाय कसली. आईचं असतं तर करंजावरच्या मुंग्या बुचाला चिकटल्या असत्या. एक फिरकली न्हाई. कुनाचं व्हतं?"

आत्याबाईंनी पदरानं डोळ्यांतला धूर पुसला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"माजं व्हतं. मग? भावजयीचं मूत परक्या बाईच्या हाती देती व्हय मी? करनी लागायचीच तर मला लागंल, म्हातारीला. माजं काय ऱ्हायलंय? तिच्या पोटाला जपलं मी!" आणि मग, जरा हळू, "वाईट केलं का?"

ठकूला ओरडायचं होतं. पण ती आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या खरंच छातीचा कोट करून उभ्या राहिल्या होत्या. फक्त तोंड चुकीच्या बाजूला करून.

दुसऱ्या दिवशी ठकू आईबरोबर न्हाणीच्या दारापर्यंत गेली आणि बाटली तिनं आईच्याच हातून घेतली. शाळेत गेलीच नाही. थेट दवाखाना.

या वेळी नळी दिव्यावर धरल्या धरल्या निळं औषध हिरवं झालं. मग पिवळट. मग खालून वर गढूळ होत होत सगळी नळी भट्टीतून काढलेल्या विटेसारखी लाल झाली. ठकूनं रंग पालटताना बघितला तो असा, जसं घरावर कुणीतरी चालून येताना बघावं.

"अजून गूळ चालू आहे?" बाईंनी विचारलं.

ठकूनं होकाराची मान हलवली. बाटलीची सगळी गोष्ट तिनं सांगितली.

"गोदीसारखं हुईल का बाई?"

"होईलच असं नाही. होणार नाही असंही मी सांगू शकत नाही. पाय, हाड, काळीज हे सगळं बाळात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडतं. जे घडायचं ते घडून गेलंय. ते आता माझ्या हातात नाही आणि तुझ्याही." त्यांनी नळी धुवायला घेतली. "पण बाळ जिवंत बाहेर येणं आणि तुझी आई जगणं, एवढं अजून हातात आहे. पुण्याला मोठ्या दवाखान्यात भरती व्हावं लागेल. रोज सुई, वजन करून जेवण, बाळंतपण होईपर्यंत तिथंच. गूळ आजपासून बंद. आणि ठकू, जितक्या लवकर जाल तितकं बरं. बरेच दिवस वाया गेलेत."

संध्याकाळी आबा राबाची राख झटकत अंगणात आला, तेव्हा ठकू ओट्यावर उभी राहून वाट बघत होती. सगुणाबाई खांबाला टेकलेली, गोदी तिच्या पायाशी. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापायला बसल्या होत्या, पण थाप पडत नव्हती.

ठकूनं सगळं सांगितलं. भाषणासारखं नाही, अडखळत.

पहिल्यांदा बोलली ती आई.

"मंग इळ्यानं न्हाई गेलं व्हय गं माज्या गोदीचं पाय?"

"न्हाई आई. बाई म्हनल्या, गिरानाचा काय बी संबंद न्हाई."

सगुणाबाईनं गोदीच्या डोक्यावरून हात फिरवला. इतकी वर्षं तिनं तो विळा भिंतीतून काढला नव्हता, शेजारणीचा मागून आणायची. तिच्या तोंडावर जरासा उजेड आला आणि आला तसाच गेला.

"साखरंनं गेलं. म्हंजी माज्याच अंगातल्या साखरंनं. म्हंजी मीच की गं."

"तू न्हाईस! आई, त्यो रोग हाय. तू कुटं मागाया गेलतीस त्यो?"

"गूळ तर मीच खाल्ला."

"गूळ मी पाजला," चुलीपुढून आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओळखू येईना. "मी पाजला. रोजच्या रोज."

"गुळानं रोग झाला न्हाई, आत्याबाई. रोग व्हता म्हनून गूळ सोसला न्हाई. बाईंनी तसं सांगितलंय."

आबानं डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं. "ठके, तू म्हनतीस त्ये खरं असंल. पर पुन्याला जायाचं, म्हैना दीड म्हैना ऱ्हायाचं... हितं राब भाजून पडलाय, पेरनी तोंडावर आलीया. तुजी परीक्षा हाय. आन आपल्या घरात कुनाचं बाळंतपन दवाखान्यात झालंय का आजवर? लोक काय म्हनतील? तुळजाबाई हाय की. हातगुन हाय तिचा."

"हातगुन?" ठकू दोन पावलं पुढं आली. "आबा, तुळजाबाई वार पडायच्या आत काय बघनार हाय, त्ये इचारा आत्याबाईस्नी."

लांब कुठंतरी राब अजून धुमसत होता, त्याचा वास येत होता. आबा बहिणीकडं बघत राहिला. आत्याबाईंनी हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला, पण नाही म्हणाल्या नाहीत. सगुणाबाईनं मात्र एका हातानं पोट आणि दुसऱ्या हातानं गोदी अशी घट्ट धरली, की गोदी कळवळली.

"आई, दुकतंय की!" गोदी म्हणाली. "ठकूताई, बाळ आलं की मी त्येला माजं पाखराचं गानं शिकवनार हाय. ज्येला पाय हायेत ना, त्ये नाचंल. नसलं तर बसून म्हनंल."

आबानं मुंडासं तोंडाला लावलं.

ठकूला बोलायचं बरंच होतं. पण आता तिला ना हेडमास्तरांची छडी आठवली, ना अनशीची पैज. तिनं आईच्या शेजारचा तांब्या उचलून नुसतं पाणी एका घोटात प्यायलं, आणि आई-आबांच्या मधोमध उभी राहिली.

"आई, आबा, ऐका. उद्या पौडावनं पयली यष्टी सुटती, तिच्यानं मी आन आई पुन्याला चाललोय. गोदी संगं येनार, तिला मी पाठुंगळी घीन. परीक्षा पुढल्या साली दीन, शाळा काय पळून जात न्हाई. सुई कशी टोचत्यात त्ये मी तितं शिकून घेनार, म्हंजी घरी आल्यावर आईला रोज मीच टोचीन. बाळंतपन तितंच हुईल, आन बाळ जसं यील तसं आमी घिऊन यीऊ, पायाचं असू द्या न्हाईतर बिनपायाचं. आन ह्या घरात आल्यावर त्ये पयल्यांदा गोदीच्या मांडीवर निजंल, दुसऱ्या कुनाच्याबी न्हाई. मी ठरवलंय."